हरणांसाठी मेथी

पाकीट इतकं गार होतं की जीन्समधून मांडीला झोंबायला लागलं, म्हणून मी ते उचलून शेजारच्या सीटवर ठेवायला गेले, आणि तेव्हा लेबल वाचलं. पांढरं लेबल, त्यावर हिलरीचं गोल, नीट अक्षर: सॉसेजेस, सहा. फॅलो, मादी. आणि खाली 'ठिकाण' या रकान्यापुढे एकच शब्द: लॉन. बस गावातून बाहेर पडून केंब्रिजच्या रस्त्याला लागत होती, खिडकीच्या काचेवर नोव्हेंबरचं ते बारीक, न दिसणारं पाणी साचलं होतं, आणि मी तो शब्द तीनदा वाचला, कारण मी दर शनिवारी ज्या जंगलात काम करते त्या वूडमध्ये लॉन एकच आहे आणि ते माझं आहे. म्हणजे मी पेरलेलं. दहा मिनिटांपूर्वी स्टॉपवर हिलरी म्हणाली होती, "हे तुझं, शाल्मली. तुझ्या लॉनवरची पहिली." बसचं दार उघडलं होतं, ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, मी नेहमीप्रमाणे कसल्यातरी वाक्याच्या अर्ध्यात होते. मी पाकीट घेतलं आणि थँक यू म्हटलं. दोनदा म्हटलं. पहिली काय, ते विचारलं नाही. मला वाटलं, भाजी असेल. खरंच, माझ्या डोक्यात आलं की केल असेल, पहिली तोड.

लॉन म्हणजे गवत नाही. झाडांच्या मधोमध दोन टेनिस कोर्ट मावतील एवढी मोकळी जागा. सप्टेंबरात आम्ही तिथल्या काटेरी ब्रॅम्बल कापल्या, मुळं उपसली, दाताळं फिरवलं. शाळेच्या अवॉर्डसाठी दर शनिवारी काहीतरी समाजोपयोगी करावं लागतं. बाकीच्या मुली चॅरिटी शॉपमध्ये कपडे लावतात. मी म्हटलं, मी जंगलात जाणार. हिलरी त्या वूडची वॉर्डन, साठीच्या पुढची, बोलणं मोजकं, हात सुताराचे. तिने बियांची पिशवी उघडून दाखवली: क्लोव्हर, चिकरी, केल. हरणांसाठी, इथल्या फॅलो जातीच्या. मी विचारलं, एवढंच? आणि मग मी मेथीबद्दल बोलायला लागले. मेथी पाचव्या दिवशी वर येते, मेथीला थंडी चालते, आमच्या नागपूरला गाई मेथीचा भारा दिसला की दावं तोडतात. हिलरी म्हणाली, "ट्राय इट." पुढच्या शनिवारी मी आईच्या स्टीलच्या डब्यातली सगळी मेथी, चांगली किलोभर, घेऊन गेले. आणि काय सांगू! तिसऱ्या आठवड्यात क्लोव्हर तसाच आणि मेथी दाढी केल्यासारखी खालपर्यंत खाल्लेली. हिलरी गुडघ्यावर बसून ते खुरटं बघत राहिली आणि म्हणाली, चाळीस वर्षांत तिने हरणांना इतक्या लवकर उघड्यावर येताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी बसस्टॉपपर्यंत चालत नव्हते, उडत होते. माझ्यामुळे आली. माझ्या मेथीला आली.

उडण्याचं कारण दुसरंही होतं, आणि बसमध्ये मला तेच आठवत राहिलं. मी बारा वर्षांची असताना आम्ही इथे आलो, आणि त्यानंतर तीन वर्षं मी बोलले नाही. म्हणजे मुकी नव्हते. विचारलं तर उत्तर द्यायचे. पण प्रत्येक वाक्य आधी आत लिहून, खोडून, पुन्हा लिहून बाहेर काढायचे, आणि तोवर समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. रिपोर्टमध्ये दर वर्षी एकच शब्द: क्वाएट. वर्गात मी कडेला बसायचे, भिंतीला लागून, जिथून दार दिसतं. मग गेल्या वर्षी, इयर इलेव्हनला, म्हणजे इथल्या दहावीला, एकदा बायॉलॉजीच्या तासाला कुणीतरी प्लासेंटाबद्दल इतकं चुकीचं काहीतरी बोललं की माझ्या तोंडून 'नो' निघून गेलं, मोठ्याने, आणि मागोमाग पुढची चार मिनिटं. सगळे वळून बघत होते आणि मला काही झालं नाही. मेले नाही. त्यानंतर मी थांबलेच नाही. वर्गात, बसस्टॉपवर, दुकानात रांगेत. बाबा म्हणतात, "हिला बंद करायचं बटण कंपनीने दिलेलंच नाही." बोलणं मला इतकं आवडायला लागलं की समोरचा काही सांगतोय की नुसता श्वास घेतोय, हे मी बघायचं सोडलं.

कारण हिलरीने सांगितलं होतं. मी पाकिटाकडे बघत बसले आणि मला ते सगळं एकेक करून दिसायला लागलं, जसं खोलीत उजेड वाढत गेला की आधीपासूनच तिथे असलेलं फर्निचर दिसतं. पहिल्याच दिवशी दाताळ्यावर हनुवटी टेकून ती म्हणाली होती, "हे आपण का करतोय, ते तुला..." आणि मी म्हटलं होतं, हो हो, ऑफ कोर्स, आणि तिला आमच्याकडच्या गोग्रासाबद्दल सांगायला लागले होते, की जेवणाआधी गाईचा घास काढतात, इथे गाय कुठून आणायची, मग हरीणच. ती ऐकत राहिली. तिला वाटलं असेल मला माहीत आहे. लॉनच्या टोकाला ओकच्या खोडाला टेकवलेली शिडी, वर फळीची बैठक, पुढे आडवी दांडी. ती आम्ही दोघींनी वाहून नेली. तिची एक बाजू माझ्या खांद्यावर होती. मला वाटलं पक्षी बघायला. पक्षी बघायला बसणारा माणूस पुढे हात टेकायला दांडी का लावेल, हे मी, ए लेव्हलला भौतिकशास्त्र घेतलेली मुलगी, एकदाही मनाशी विचारलं नाही. खाऊ घातलं म्हणजे झालं. खाऊ घालण्याच्या पुढे काही असू शकतं, हे बसायला माझ्या डोक्यात जागाच नव्हती.

आणि आम्ही काही शाकाहारी नाही, हे सांगायला हवं. रविवारी आमच्याकडे सावजी मसाल्याचं मटण होतं, बाबा कांदा खोबरं भाजतात, स्मोक अलार्म वाजतो, मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालते. मटणाने मला काही होत नाही. मला बसमध्ये जे होत होतं ते वेगळंच होतं, आणि त्याला धरून एक आठवण वर आली. मी चौदा वर्षांची, जेवत होते. बाबांचा फोन वाजला, ते हॉलमध्ये गेले, दोन मिनिटांत परत आले, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि माझ्याजवळ बसले. माझी दुसरी पोळी चालू होती. त्यांनी मला तूप वाढलं. म्हणाले, वरण घे. शाळेत काय झालं विचारलं. मी 'काही नाही' म्हटलं आणि भात घेतला, सावकाश, ताकभातसुद्धा घेतला. मी हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, शालू, आजोबा गेले. त्यांचे स्वतःचे बाबा. वीस मिनिटं ती बातमी घेऊन ते माझ्या शेजारी बसले होते आणि मला तूप वाढत होते. भरल्या पानावरून कुणाला उठवू नये, असं आमच्याकडे म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत. समोरचा जेवतोय तोवर तो सुरक्षित आहे. भांडण थांबतं, बातमी थांबते. आणि मी दहा आठवडे पान मांडत होते, पाणी शिंपडून, मोजून, ओळीत, आणि वरून शिडीवर बसून कुणीतरी वाट बघत होतं की मान खाली जाते कधी.

उतरायचा स्टॉप आला तेव्हा मला दोन गोष्टी स्वच्छ कळत होत्या. एक, हिलरीने आज सकाळी विचारलं होतं की मार्चमध्ये दुसरं लॉन करायचं, याच्या दुप्पट, पेरणी पूर्ण तुझ्याकडे, पुढच्या शनिवारी काय ते सांग. शाळेत कुणालाच असं काही मिळालेलं नाही. सोळाव्या वर्षी कुणी माझ्यावर जमीन सोपवतंय! दुसरी, आईला सांगायचं. पाकीट स्टॉपवरच्या बिनमध्ये टाकलं असतं तर दोन्ही सोपं झालं असतं. मी बिनपाशी थांबलेसुद्धा. आई ऑक्टोबरात एकदा आली होती लॉन बघायला, तिच्या त्या पांढऱ्या ट्रेनर्समध्ये, आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सहा माद्या बाहेर आल्या तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं, आणि ते कितीतरी वेळ सोडलं नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी ती विचारायची, "किती आल्या होत्या?" मी सांगायचे. सहा. सात. गेल्या शनिवारी पाच. पाच का, ते आम्ही दोघींनी विचारलं नव्हतं.

आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. "किती आल्या होत्या?" तिने मागे न वळता विचारलं.

मी पाकीट ओट्यावर ठेवलं. तिने हात पुसले, लेबल वाचलं. कोथिंबिरीची एक काडी तिच्या बोटाला चिकटली होती ती तिने काढली.

"मादी," ती म्हणाली.

"आई, ते लॉन हरणांना खायला घालायला नाहीये. ते..."

"माहीत आहे."

मला वाटलं तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, भराभर, शिडी, दांडी, शिकारीचा सीझन, सगळं. ती मला मध्येच म्हणाली, "शालू, शिडी बघितली तेव्हाच कळलं मला. आमच्या वावरात होती तशी. मचाण. रोही यायचे, चितळं यायची, डुकरं यायची. काका तिथं बसून डबा बडवायचे. जनावर पिकात येऊ नये म्हणून आमचं सगळं घर झटायचं, आणि इथे एक बाई जनावरानं यावं म्हणून पीक लावते. फुकट कोणी पेरतं का गं?"

"मग माझं मनगट का धरलं होतंस?"

"त्या दिवशीच गोळी सुटते की काय, असं वाटलं."

मी स्टुलावर बसले. "आणि मेथी? पुन्हा मागितली तेव्हाही दिलीस. मुद्दाम आणून दिलीस."

आईने कोथिंबीर पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाली, "तू बोलत होतीस."

"म्हणजे?"

"तीन वर्षं या टेबलावर तू दोन शब्द बोलायचीस. हो आणि नको. मग शाळेत बोलायला लागलीस, पण घरात तेच. मी तुझ्या बाबांना म्हणायची, आपण पोरीला आणून चूक केली. सप्टेंबरात त्या शनिवारी तू घरात आलीस ते बूटसुद्धा न काढता, चिखल इथपर्यंत, कार्पेटवर उभी राहून चाळीस मिनिटं बोललीस. मी घड्याळ बघितलं होतं. त्यात मी कुठे सांगू, की अगं बाई, ती बाई..." तिने हाताने काहीतरी उडवल्यासारखं केलं. "नाही सांगवलं."

"सांगायला हवं होतंस."

"हो. हवं होतं."

ती वाद घालेल म्हणून मी तयारी करून बसले होते. तिने घातला नाही. त्यामुळे माझा सगळा राग हातात घेऊन मी तशीच बसून राहिले, कुठे ठेवायचा ते न कळून. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि त्याच वेळी त्या चाळीस मिनिटांबद्दल तिने आणखी सांगावं असं वाटत होतं. ओट्यावर ते पाकीट होतं, त्याच्या कडांना पाणी सुटायला लागलं होतं.

"करायचं का?" आईने विचारलं.

"नको."

"मग फ्रीझरमध्ये ठेवते. टाकायचं नाही. जीव आहे तो."

त्या संध्याकाळी मी हिलरीला मेसेज केला: शनिवारी तुझ्याबरोबर वर बसू का? उत्तर लगेच आलं. सव्वासहा, सकाळी. गरम कपडे. आणि खाली: गप्प बसावं लागेल. मी ते बाबांना दाखवलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. पण शनिवारी पहाटे गाडी चालवताना हसत नव्हते. "खरी बंदूक असते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खरीच. "तू लांब बसायचंस." मी म्हटलं, बाबा, बैठक तीन फुटांची आहे.  वूडच्या फाटकाशी मला उतरवून ते हिलरीचा टॉर्च दिसेपर्यंत हेडलाइट्स चालू ठेवून उभे राहिले.

हिलरीने मला सरळ शिडीकडे नेलं नाही. आधी एका कुंपणाकडे नेलं. जंगलाच्या पोटात खोलीएवढा चौकोन, चहूबाजूंनी जाळी, आणि आत हेझलचे कोंब माझ्या खांद्याएवढे, जमिनीवर सुकलेल्या पानांची दाटी. जाळीच्या बाहेर, आम्ही उभ्या होतो तिथे, नुसती माती आणि कुरतडलेली खुंटं. "आठ वर्षं झाली जाळी लावून," ती म्हणाली. "आत ऑक्सलिप फुलतं, पिवळं, एप्रिलमध्ये. बाहेर एक नाही. नाइटिंगेल दोन हजार बारानंतर ऐकलेला नाही. लांडगे आपण संपवले. म्हणून आता लांडग्याचं काम मी करते."  मला तिला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, तोंडात गर्दी झाली होती. मी ते गिळलं आणि तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघितली. ऐकणं किती अवघड असतं! शरीराचं काम आहे ते, ओझं उचलल्यासारखं. ती म्हणाली, सप्टेंबरात मला वाटलं तुला ठाऊक आहे. तू इतक्या खात्रीने बोलत होतीस. मी म्हटलं, हो, मी बोलत होते.

वर फळी ओली होती. उजेड आधी आकाशात आला, मग खोडांवर, मग सगळ्यात शेवटी मेथीवर. तिचा हिरवा रंग बाकीच्या हिरव्यांपेक्षा पोपटी दिसतो, लांबूनही. बरोबर सात दहाला पहिली बाहेर आली. थांबली. कान वेगवेगळ्या दिशांना फिरवले. तिच्या मागून दोन. मला खोकला येत नव्हता, पण खोकता आलं असतं. एक शब्द पुरला असता. आयुष्यातली तीन वर्षं मला शब्द सापडत नव्हता आणि आता तोंडभर होते, आणि खाली ती उभी होती, एवढ्या मोठ्या डोळ्यांनी सगळीकडे बघत, वर सोडून. तिने मान खाली घातली. मला चावण्याचा आवाज ऐकू आला, किंवा ऐकू आल्यासारखा वाटला. मी जाळीच्या आतल्या कोंबांचा विचार केला, त्यांना धरून बसले, जसं बसमध्ये उभं असताना दांडा धरतात. हिलरीने श्वास सोडला. मी बोलले नाही.

गोळीचा आवाज वाटला होता तेवढा मोठा नव्हता. दोन पळाल्या. एक होती तिथेच आडवी झाली, पाय एकदा ताणले आणि संपलं. खाली उतरण्याआधी हिलरी पाच मिनिटं थांबली, घड्याळ लावून. मग तिने गुडघे टेकले, बाह्या वर केल्या, मला म्हणाली, हा पाय धर. मी धरला. तो गरम होता, माझ्या हातांपेक्षा गरम. तिने पोट उघडलं आणि वाफेबरोबर जो वास आला तो मला ओळखीचा होता, मेथीचा. एका क्षणासाठी मी आमच्या स्वयंपाकघरात होते.   मी पाय धरून राहिले, तिने सांगितलं तसा वळवत.

काम संपल्यावर तिने हात पुसले आणि दोराचा फास मादीच्या मानेत घातला. "तर मग," ती म्हणाली, "मार्चचं काय?"

"मी ओढायला येईन," मी म्हणाले. "मोजायला येईन. जाळ्या लावायला येईन. वर बसायचं असेल तर तेही. पेरणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "लोकांचं उलटं असतं. पेरायला शाळाच्या शाळा येतात. ओढायला कुणी नाही."

"मारायला लागतं, ते मला पटलं. बोलावून नाही."

"न बोलावता काय होतं माहितीये तुला? मी त्यांच्या मागे जंगलात फिरते. अंतर जास्त, झाडं मध्ये. नेम चुकतो. मग जबडा तुटलेलं हरीण दोन दिवस फिरतं. इथे ती उभी राहते, खाते, तिला कळतसुद्धा नाही. लॉन आहे म्हणून ते दोन दिवस नाहीत."

 मी उत्तर शोधलं. बोलता येणाऱ्या माणसाला काहीतरी सापडतंच, असं मला वर्षभर वाटत होतं. सापडलं नाही. तिचं खरं होतं आणि तरी माझे हात पुन्हा बी टाकणार नव्हते, हेही तेवढंच खरं होतं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी त्या मेथीत पडून होती.

"बरं," हिलरी शेवटी म्हणाली. रागावली नव्हती. "मग मीच पेरते. पण ती तुझी मेथी. इथे कुठे मिळते ती? कुठलं दुकान?"

मला माहीत होतं. दुकान, कुठल्या बाजूचं शेल्फ, कुठल्या रंगाचं पाकीट. वाक्य तयार होतं, जिभेवर. हिलरी थांबली होती, भुवया वर करून, उत्तर येणारच अशा खात्रीने, कारण मी कधी कुणाला उत्तर न देता सोडत नाही हे आता तिलाही माहीत झालं होतं. मी दोर खांद्यावर घेतला आणि वजन पुढे टाकलं. मादी अर्धा फूट सरकली, अडली, पुन्हा सरकली. हिलरीने माझ्या मागे तोच दोर धरला. खाली पानं घासत राहिली.

"डावीकडे हो," ती म्हणाली. "पुढे मूळ आहे."

मी डावीकडे झाले.